बॉस्टनचं 'द डेली कॅच': माकुलासाठी जावं असं हॉटेल

बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये, हॅनोव्हर स्ट्रीटवर १९७३ पासून चालत आलेलं हे सिसिलियन पद्धतीचं मासळीचं हॉटेल. मेनूत शेवंड, तिसऱ्या, कोळंबी सगळं आहे, पण जायचं ते माकुलासाठी, म्हणजे स्क्विडसाठी.

जागा एवढीशी. मोजकी टेबलं आणि त्यांना खेटूनच उघडं स्वयंपाकघर, त्यामुळे लसणाचा वास कोटाला घेऊनच बाहेर पडाल. शनिवारी संध्याकाळी फुटपाथवर रांग लागते. आठवड्यातली दुपार बरी, आणि दोघंतिघंच असाल तर उत्तम. हेमार्केट स्टेशनवरून चालत साधारण दहा मिनिटं. गाडी आणू नका, या भागातली रस्त्यावरची बरीचशी पार्किंग रहिवाशांसाठी राखीव आहे. हॉटेल वर्षानुवर्षं रोखीवर चाललेलं, तेव्हा थोड्या नोटा जवळ असू द्या.

पहिल्यांदा जाताय तर काळा पास्ता मागवा. या लिंग्विनीच्या (चपट्या, लांब पास्त्याच्या) पिठातच माकुलाची शाई मळलेली असते, म्हणून ती काळीभोर. वर ऑलिव्ह तेल, लसूण आणि बारीक केलेलं माकूल. शाईला उग्र वास येईल अशी भीती वाटते, पण येते ती खारट, खोल, समुद्राची चव. दात आणि ओठ मात्र काळे होतात. पांढरा शर्ट घालून जाऊ नये.

पास्ता येतो तो शेगडीवरच्या फ्रायपॅनसकट, आणि हे निव्वळ दिखाव्यासाठी नाही. तेल आणि पास्ता उकडलेलं पिठूळ पाणी घुसळून हा रस एकजीव होतो. गार ताटलीत ओतला की तेल सुटून तळाशी साचतं, गरम पॅनमध्ये तो धरून राहतो. मात्र पॅनमध्ये शिजणंही चालूच राहतं. म्हणून आल्याआल्या खालून वर एकदोनदा हलवून घ्या, नाहीतर तळचा पास्ता चिकटतो आणि वरचा कोरडा पडतो. फोटो काढत बसलात, तर पास्ता मऊ पडेल आणि माकूल चिवट होईल. दांड्याला हात लावू नका, भाजेल.

दुसरा पदार्थ तळलेलं माकूल. माकुलाचा हिशोब मालवणी घरातही हाच: एकदोन मिनिटं कडक आचेवर, नाहीतर मंद आचेवर चाळीसेक मिनिटं. मधे कुठे थांबलात तर रबर. चांगली तळलेली चकती एका चाव्यात तुटते आणि वरचं पीठ तिला धरून असतं. पीठ सालीसारखं निघून आलं, तर माकूल ओलं राहिलं होतं किंवा तेल पुरेसं तापलं नव्हतं, असं समजा. लिंबू ढिगावर पिळू नका, घास घेताना त्या तुकड्यापुरतं पिळा. नाहीतर पाच मिनिटांत सगळं नरम. आधी पाय उचला, सगळ्यात कुरकुरीत तेच.

तिसऱ्यांची लिंग्विनीही चांगली. न उघडलेला शिंपला बाजूला ठेवायचा, उरलेल्या रसात पाव बुडवायचा. मासळीच्या पास्त्यावर चीज घालू नये, हा इटालियन शिरस्ता इथे पटतो, कारण तिसऱ्यांचा गोडवा चीजखाली दबतो.

लॉब्स्टर फ्रा दियाव्होलो हा पदार्थ घडला अमेरिकेतल्या इटालियन लोकांच्या हातून. टोमॅटोच्या तिखट लाल रसात शेवंड, आणि सोबत इतर मासळी. पॅन मोठा, दोघांनी वाटून घ्यायचा. किंमत भारी आणि त्या मानाने शेवंडाची नाजूक चव रसात हरवते, असं आमचं मत. तेच पैसे माकुलाच्या दोन पदार्थांवर खर्चा. 'तिखट' म्हणजे आपल्या जिभेला बेताचंच. हवी तर भरडलेली लाल मिरची मागून घ्या.

मुलांकडे आलेल्या शाकाहारी आईवडिलांना घेऊन इथे जाऊ नका. काळा पास्ता मासळीशिवाय मागवला तरी शाई माकुलाचीच. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी ऑर्डर देण्याआधीच सांगावं, एवढ्याशा स्वयंपाकघरात तेल आणि पॅन वेगळे राहतीलच असं धरून चालू नये.

गोडासाठी याच रस्त्यावर मॉडर्न पेस्ट्री आहे. कनोली, म्हणजे रिकोटा चीज भरलेली तळलेली कुरकुरीत नळी, समोर भरून घ्या, आधी भरून ठेवलेलीचं कवच रिकोटाच्या ओलीने सादळतं.