प्लॅन पास करून देतो म्हणून १,४६,००० नेले, आणि नोटीस आली माझ्या नावाने

घराचा प्लॅन पास करून देतो असं सांगून एका माणसाने माझ्याकडून १,४६,००० रुपये नेले आणि हातात बनावट बांधकाम परवानगी ठेवली. त्या कागदाच्या भरवशावर मी जोत्यापर्यंत बांधकाम केलं. आज त्या जोत्यावर महापालिकेची काम थांबवण्याची नोटीस चिकटवलेली आहे, आणि तिच्यावर फसवणाऱ्याचं नाव नाही, माझं आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेच्या हद्दीत तुम्ही घर बांधायला काढलं असेल, तर पहिली वीट ठेवण्याआधी हे वाचा.

प्लॉट सव्वा गुंठ्याचा, म्हणजे १,३६१ चौरस फूट. एनए (बिगरशेती) झालेला, लेआउट मंजूर, उताऱ्यावर माझं आणि बायकोचं नाव. कागदात कुठेही खोट नाही. प्लॅन पास करायचा विषय निघाल्यावर कॉन्ट्रॅक्टरच म्हणाला, "आपला एक माणूस आहे, महापालिकेच्या नगररचना विभागात रोजचं जाणंयेणं आहे, आमची सगळी कामं तोच करतो." असा माणूस प्रत्येक शहरात असतो आणि तो काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मी स्वतः आधी कार्यालयात गेलो होतो. खिडकीवर मला सांगितलं, "आर्किटेक्टमार्फत या, ऑनलाईन करा, आम्ही कागद घेत नाही." कुठल्या संकेतस्थळावर, कुठली कागदपत्रं, किती शुल्क, यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. नोकरी सांभाळून माणूस किती वेळा रजा टाकणार? म्हणून मी त्या माणसाला हो म्हणालो. जे मला आज "तू गेलासच कशाला त्याच्याकडे" म्हणतात, त्यांनी एकदा त्या खिडकीसमोर उभं राहून बघावं.

पैसे कसे गेले ते आकड्यांसकट लिहितो. २१,००० नकाशाचे आणि आर्किटेक्टच्या सहीचे, रोख. ७२,००० विकास शुल्काचे. १८,००० लेबर सेसचे, म्हणजे बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच्या उपकराचे. ३५,००० 'छाननी आणि साईट व्हिजिट'चे. रोख सोडून बाकी सगळे यूपीआयने, त्याच्या बायकोच्या खात्यावर. चलन त्याच्या लॉगिनमधून निघतं, मुदतीत भरलं नाही तर रद्द होतं, म्हणून "दादा, तुम्ही मला टाका, मी लगेच भरतो". महापालिकेचं शुल्क महापालिकेच्याच खात्यात जातं. मधे दुसऱ्या कुणाचंही खातं आलं की तिथेच उठा, मग तो कुणाचाही मेव्हणा असो.

त्याचं बोलणं पटलं, कारण निम्मं खरं होतं. विकास शुल्क खरंच असतं, १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात आहे. लेबर सेस खरंच बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो. माझा खर्च त्याने १८ लाख धरला, १८,००० मागितले, हिशेब बरोबर. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, हेही त्याने सांगितलं. तेही कायद्यात आहे, फक्त प्लॅन नियमात बसत असला पाहिजे ही अट त्याने गाळली. कलम, नियम, टक्के सगळं तोंडपाठ. अशा माणसाला चोर म्हणायचं कशावरून?

आता त्या कागदाचं सांगतो, कारण माझी झोप त्यानेच उडवली आहे. परवानगी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफमध्ये आली, मग छापील प्रत. महापालिकेचं बोधचिन्ह, त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम ४५ चा उल्लेख, खाली अटींची लांबलचक यादी, माझा प्लॉट क्रमांक, आमची दोघांची नावं, गोल शिक्का, निळ्या शाईची सही. आणि तारीख १ मे. महाराष्ट्र दिन. त्या दिवशी झेंडावंदन करून सगळं कार्यालय घरी जातं. ही तारीख माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मी त्याला विचारलं, सुट्टीच्या दिवशी सही कशी झाली? तो म्हणाला, "दादा, ऑनलाईनला सुट्टी नसते. सिस्टीम आपोआप तारीख टाकते." मी गप्प बसलो. सिस्टीम तारीख टाकते तर खाली पेनाची सही कुणाची, हा प्रश्न मला त्या क्षणी सुचायला हवा होता. ऑनलाईन परवानगीवर डिजिटल सही असते, पडताळणीसाठी क्यूआर कोड असतो. या कागदावर क्यूआर कोडच्या जागी शिक्का होता. तो शिक्का बघून मला उलट धीर आला, कारण आयुष्यभर आपण शिक्का असलेल्या कागदालाच खरा कागद म्हणत आलो.

दुसरी गोष्ट चलनाची. विकास शुल्काच्या पावतीवर आकडा होता ७२,०००. पूर्ण ७२,०००, वर एक रुपया नाही की खाली एक रुपया नाही. हे शुल्क रेडी रेकनरच्या (जमिनीच्या सरकारी) दरावर, क्षेत्रफळावर, टक्केवारीने निघतं. ते असं गोल येणं जवळजवळ अशक्य. मी लेखा विभागात नोकरी करतो, दिवसभर बिलंच तपासतो. गोल आकडा दिसला की आम्ही पहिली शंका घेतो. ऑफिसमध्ये जी शंका घ्यायचा मला पगार मिळतो, ती स्वतःच्या घराच्या पावतीवर आली नाही, कारण शेजारी कॉन्ट्रॅक्टर उभा होता, जेसीबी ठरला होता, पावसाळ्याआधी जोतं बाहेर काढायचं होतं. घाई त्यानेच लावली होती. "पावसात पाया उकरलात तर खर्च दीडपट," हे वाक्य पैसे मागताना प्रत्येक वेळी यायचं. पुढे कार्यालयात खरा आकडा कळला तो ४१,३७६ रुपये.

भांडं फोडलं बँकेने. गृहकर्जाचा पहिला हप्ता बँकेकडून मिळावा म्हणून परवानगीची प्रत दिली, तर बँकेच्या पॅनेलवरच्या इंजिनिअरने पहिला प्रश्न विचारला, "क्यूआर कुठाय?" त्याने जावक क्रमांक तपासला. तो क्रमांक शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कुणाच्या तरी दुकानाच्या फाईलचा निघाला. नकाशावर ज्या आर्किटेक्टची सही होती त्यांना मी शोधून काढलं. माणूस खरा, नोंदणी क्रमांक खरा, सही खोटी. त्यांनी माझा प्लॉट कधी पाहिलेला नाही. आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर बघता येतो, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या व्यक्तीला स्वतः भेटा किंवा फोन करा. फी तिच्या हातात द्या, पावती तिच्याकडून घ्या.

सगळ्यात जास्त चीड याची येते की एवढ्या खटाटोपाची गरजच नव्हती. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई महापालिका आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यभर लागू आहे. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या छोट्या घरांसाठी सोपी पद्धत दिली आहे. मालकीचे कागद, नियमात बसणारा नकाशा, आर्किटेक्टचा किंवा परवानाधारक इंजिनिअरचा दाखला आणि शुल्क भरल्याची पावती एवढं दाखल केलं की तीच परवानगी मानली जाते. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. माझा प्लॉट १२६ चौरस मीटरचा. हे त्या खिडकीवरच्या माणसाला माहीत नव्हतं? कार्यालयाच्या भिंतीवर हा एक कागद लावला असता, तर असल्या दलालांचा निम्मा धंदा बंद पडला असता. तो लावलेला नाही. का लावलेला नाही, ते त्यांनी सांगावं.

मी महापालिकेत लेखी तक्रार दिली. तुमच्या शिक्क्याची, तुमच्या अधिकाऱ्याच्या सहीची नक्कल झाली आहे, गुन्हा दाखल करा. उत्तर मिळालं, "पैसे तुमचे गेलेत, फिर्याद तुम्ही द्या." पोलीस ठाण्यात गेलो तर तिथे म्हणाले, "शिक्का महापालिकेचा आहे, फिर्याद त्यांनी द्यायला पाहिजे." मग, "ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा." आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, रक्कम लहान आहे, ठाण्यातच जा. सायबरला सांगितलं, माणूस ओळखीचा आहे, आमच्यात बसत नाही. १,४६,००० ही रक्कम लहान? माझ्या कित्येक महिन्यांची बचत आहे ती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी सहन केलं असतं. ठाण्यातल्या एका साहेबांनी ३५,००० च्या रकमेवर बोट ठेवून विचारलं, "ही लाच होती का? तसं लिहून देताय? मग तुम्हीपण आरोपी." बँकेत बनावट कागद दिलात, तोही गुन्हा, असंही ऐकवलं. म्हणजे फिर्याद द्यायला गेलेल्या माणसाला आधी घाबरवायचं. घरी येऊन वकिलाला विचारलं. लाच देणाराही गुन्हेगार ठरतो ही तरतूद २०१८ च्या दुरुस्तीने आली आहे हे खरं, पण ज्याला द्यायला भाग पाडलं आणि ज्याने सात दिवसांत कळवलं त्याला तिच्यात संरक्षण आहे. आणि मी कुठल्या अधिकाऱ्याला एक पैसा दिलेला नाही. मला ती रक्कम फी म्हणून सांगितली होती, यूपीआयच्या नोंदीत मी 'छाननी फी' असंच लिहिलं होतं. तुम्हीही पैसे पाठवताना तिथे कशाचे ते लिहीत जा. आज माझ्या हातात तेवढाच भक्कम पुरावा आहे. २१,००० रोख दिले, त्यांचा पुरावा शून्य. आणि कुणी खरोखर अधिकाऱ्याच्या नावाने पैसे मागितले, तर देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा.

महापालिकेत माझी तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. नोटीस मात्र झटक्यात निघाली. त्याच नगररचना कायद्याच्या कलम ५४ खाली काम थांबवा, नाहीतर कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद. घर फोडलं गेल्याची तक्रार घेऊन जावं आणि पोलिसांनी आपल्याच दाराला कुलूप ठोकावं, तसं झालं. तो जावक क्रमांक कुणाच्या फाईलचा आहे, तो त्या माणसाला आतून कुणी दिला, हे मी माहिती अधिकारात विचारलं. 'त्रयस्थ पक्षाची माहिती' म्हणून नकार आला. अपील केलं आहे. चालू क्रमांक आणि अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना बाहेरच्या माणसाला आपोआप मिळत नाही, हे कुणालाही कळेल. त्या विभागाला कळत नाही असं मी मानायला तयार नाही.

मला अडाणी ठरवणाऱ्यांनी कल्याण-डोंबिवलीचं प्रकरण आठवावं. तिथे बनावट बांधकाम परवानग्यांवर ६५ इमारती उभ्या राहिल्या, त्याच कागदांवर महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणीसुद्धा मिळाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. घरं घेणारी माणसं शिकलेली होती, कित्येकांनी कर्ज काढलं होतं. सरकारी यंत्रणेलाच जो कागद खोटा आहे हे ओळखता आलं नाही, तो सामान्य माणसाने ओळखायचा?

माझं नुकसान १,४६,००० वर थांबलेलं नाही. जोत्याला ३,८५,००० गेले. बनावट नकाशात पुढची मोकळी जागा नियमापेक्षा कमी सोडली होती, त्यामुळे पुढच्या ओळीचे फुटिंग (खांबांचे पाये) तोडून आत घ्यावे लागणार आहेत. त्याचा खर्च ९२,०००. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, मी फक्त ओळख करून दिली. त्याची शेवटची २५,००० ची रक्कम मी अडवून ठेवली आहे आणि ती देणार नाही. ज्याने माणूस आणला त्याच्याकडून आधीच लेखी घ्या, नंतर तो ओळखही दाखवत नाही.

पोलिसांनी फिर्याद घेतली नाही तर तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवता येते, आणि तरीही काही झालं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी दोन्ही केलं आहे. तोंडी चौकशीत वेळ घालवू नका, प्रत्येक कागदावर पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तोच कागद पोस्टाने पाठवा. खरा अर्ज आता नव्या आर्किटेक्टमार्फत दाखल केला आहे, शुल्क माझ्या खात्यातून थेट भरलं आहे, अर्ज क्रमांक माझ्या मोबाईलवर आला आहे. बांधकाम परवानगी, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायची परवानगी) या लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवा आहेत. मुदत ओलांडली तर पहिल्याच दिवशी अपील टाकणार आहे.

त्या माणसाचा फोन अजून चालू आहे. कार्यालयाबाहेरच्या टपरीवर तो अजून बसतो, हातात फायलींची पिशवी असते. त्या पिशवीत कुणाच्या तरी घराचे कागद आहेत. ते तुमचे असतील तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. मूळ कागद गोड बोलून परत घ्या, परवानगीचा क्रमांक घेऊन नगररचनेत स्वतः जा, आणि हा क्रमांक माझ्या प्लॉटचा आहे का, हे लेखी विचारा. उत्तर हातात येईपर्यंत स्लॅब टाकू नका.