क्यूट्रॅकर ६५५: लेबलिंग चोख, पण चमकणारी प्रत्येक पेशी जिवंत नसते

क्यूट्रॅकर ६५५ हे जिवंत पेशींना लाल चमकणारी खूण लावून पुढे त्यांचा माग काढण्यासाठीचं इन्व्हिट्रोजेनचं किट. त्यात दोनच कुप्या येतात. ‘ए’मध्ये २ मायक्रोमोलर क्वांटम डॉट्स (प्रकाश पडला की चमकणारे अतिसूक्ष्म स्फटिक), ‘बी’मध्ये त्यांना पेशीत नेणारा वाहक. दोन्ही २ ते ८ अंशांवर ठेवाव्यात, फ्रीझरमध्ये चुकूनही नकोत.

वापर सोपा आहे. दोन्हींतलं एकेक मायक्रोलिटर एकत्र करून खोलीच्या तापमानाला ५ मिनिटं ठेवायचं, मग ०.२ मिलिलिटर मीडियम (पेशी वाढवण्याचं पोषक द्रावण) घालून ३० सेकंद व्हॉर्टेक्स, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळणं. झालं १० नॅनोमोलर द्रावण. त्यात दहा लाख पेशी घालून ३७ अंशांवर ४५ ते ६० मिनिटं ठेवा आणि मीडियमने दोनदा धुवा. पेशी प्राण्यात टोचायच्या असतील तर आणखी एकदा धुवून ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. डॉट्सचे मोकळे गठ्ठे राहिले तर सेक्शनमध्ये (ऊतीच्या पातळ कापात) तेच पेशी म्हणून मोजले जातात.

मेसेन्कायमल पेशींत (अस्थिमज्जा वगैरेंतल्या मूलपेशींत) लेबलिंग नीट झालं की केंद्रकाभोवती लाल ठिपके दिसतात. नुसती कडाच चमकली तर डॉट्स बाहेर चिकटलेत असं समजा. ४०५ किंवा ४८८ नॅनोमीटरचा लेझर चालतो, आणि प्रकाशाने रंग उडण्याची चिंता जवळजवळ नाही. सेक्शनसाठी याहून सोयीचं लेबल सापडणं कठीण.

खरी गोम प्रत्यारोपणानंतर आहे. टोचलेल्या पेशींपैकी बऱ्याच मरतात, त्यांचे डॉट्स मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी खाणाऱ्या प्रतिकारक पेशी) गिळतात आणि तेही तितक्याच झगझगीत लाल दिसतात. म्हणून गोठवून-वितळवून मारलेल्या, लेबल केलेल्या पेशींचा कंट्रोल गट ठेवाच. सेक्शनवर सीडी६८ चं (मॅक्रोफेजची ओळख पटवणाऱ्या प्रथिनाचं) स्टेनिंग करा; पेशी मानवी आणि प्राणी उंदीर असेल तर मानवी केंद्रकाची अँटीबॉडीही लावा. पेशी जगल्या का, हाच प्रश्न असेल तर काजव्याचं ल्युसिफरेज (प्रकाश देणारं विकर) वापरा. त्याला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं; मेलेली पेशी उजळत नाही. शिवाय दर विभाजनाला डॉट्स वाटले जातात, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या भ्रूणजन्य मूलपेशींसाठी हे किट आम्ही सुचवणार नाही.

जिवंत उंदराच्या इमेजिंगला ६५५ घेऊ नका, ८०० नॅनोमीटरला चमकणारं क्यूट्रॅकर ८०० घ्या. रक्त आणि त्वचेची स्वतःची चमक तिथे कमी आड येते, तरी काही मिलिमीटरपलीकडे फारसं दिसत नाही. केस काढा, आणि लसूणघास असलेलं खाद्य आधीच बंद करा. त्यातलं हरितद्रव्य पोटात लाल चमकतं.

डॉट्समध्ये कॅडमियम आहे. रुग्णांवर वापर नाहीच. उरलेल्या द्रावणात ब्लीच ओतू नका, त्याने कॅडमियम सुटतं. ते जड धातूंच्या कचऱ्यात वेगळं जमा करा.