मालगुजारी वाड्यातलं वाचनालय : होळी ते दिवाळी बसून पाहिल्यावर

वैनगंगेकाठच्या आमच्या गावात मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, जुन्या वाड्यात वाचनालय आहे. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, वाडा तेवढा घराण्याकडे उरला आणि पुढे गावाला मिळाला. बाहेरून येणारे दिंडी दरवाज्यासमोर फोटो काढून निघून जातात. मी तिथे परीक्षेचा अभ्यास करतो, त्यामुळे वाडा बसायला कसा आहे तेच सांगतो.

उन्हाळ्यात त्याला तोड नाही. मातीच्या भिंती दीड-दोन हात जाड. बाहेर पारा 45 च्या वर असला तरी दुपारी ओसरीवर नुसत्या पंख्यावर भागतं, कारण तापलेली हवा वाड्यामधल्या उघड्या चौकातून वर निघून जाते. पण दिवसभर उन्हं खाल्लेली भिंत रात्री ती ओकते. आठनंतर आतल्या खोलीत घामाघूम व्हाल. तेव्हा खुर्ची उचलून सरळ चौकात यायचं. माडी कवेलूखाली, म्हणजे थेट कौलांखाली आहे, उन्हाळ्यात दुपारी तिथे फिरकूही नका.

उजेडाची मात्र बोंब. माजघराला बाहेरच्या बाजूने एकही खिडकी नाही. बांधणाऱ्याला तिथे दागदागिने आणि बायामाणसं सांभाळायची होती, वाचायचं नव्हतं. आणि नेमकी हीच खोली ‘मुलींसाठी स्वतंत्र कक्ष’ म्हणून दिली! भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसायचं. शेवटी पोरींनीच सतरंज्या ओसरीवर आणल्या, बरं झालं.

पावसाळ्यात खरी परीक्षा. सागवानी खांब जमिनीत गाडलेले नाहीत, दगडी तळखड्यावर, म्हणजे बैठकीच्या दगडावर उभे आहेत. त्यामुळे लाकडाला ओल लागत नाही आणि उदई (वाळवी) चढलीच तर दगडावर तिची मातीची नळी लगेच दिसते. आम्ही काय केलं? पुस्तकांची लाकडी कपाटं थेट जमिनीवर, भिंतीला चिकटवून ठेवली. श्रावणात एका कपाटाची मागची फळी बोटाने दाबली तर बोट आत गेलं. खालच्या कप्प्यातली जुनी मासिकं पार पोखरलेली. त्यात डागडुजीत मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारलाय. आधीच्या चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडत होती, आता ती आतच कोंडते आणि हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटतात. पश्चिमेकडच्या कोनाड्यांतल्या पुस्तकांना बुरशीचा वास आहे तो त्यामुळेच.

बाकी उंबरठे उंच, दारं ठेंगणी. म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा लागतो.

सध्या चौकावर कायमचे पत्रे टाकायचं घाटतंय, कबुतरं आणि पाऊस ही कारणं. कबुतरांना जाळी पुरते. पत्रे पडले की ओसरीचा गारवा संपलाच समजा, मग कूलरचं बिल कोण भरणार? सभासद व्हायचं असेल तर सकाळी सातला येऊन पूर्वेची ओसरी धरा. दहाला आलात तर माडीच वाट्याला येईल.