लग्नसराईभर वापरल्यावर: नवीन लॅपटॉप आणि रखडणारं लाइटरूम

दिवाळीच्या ऑफरमधे लॅपटॉप घेतला, आता मे संपत आलाय, मधली अख्खी लग्नसराई याच्यावर काढली, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात पाच स्टार देऊन मोकळे झालेले रिव्ह्यू ढीगभर सापडतील, त्यांत "फोटो एडिटिंगसाठी एकदम मक्खन" असं लिहिलेलं असतं आणि खाली फोटो असतो तो फक्त लॅपटॉपच्या झाकणाचा.

मशीन सांगतो. 13व्या पिढीचा आय-सेव्हन (13620एच), 16 जीबी डीडीआर-फाइव्ह रॅम, एनव्हीएमई एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 4050 सहा जीबीवालं, 16 इंची स्क्रीन 2560 बाय 1600. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच लॅपटॉपांना हे कमीजास्त लागू पडतं आणि नाव घेतलं की सगळी चर्चा तिकडेच वळते. काम म्हणाल तर अकोल्यात लग्नांचे फोटो. हळद, लग्न, रिसेप्शन धरून एका पार्टीच्या दोन-अडीच हजार रॉ (कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या) फाइली, 24 मेगापिक्सेलच्या, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर अडोबीचं लाइटरूम क्लासिक.

आता त्रास काय होता. इम्पोर्ट ठीक, लायब्ररीत फोटो पुढे-मागे करणं ठीक, पण डेव्हलपमधे, म्हणजे जिथे एडिटिंग करतात तिथे, गेलं की एक्स्पोजरचा स्लायडर ओढायचा आणि फोटो अर्ध्या सेकंदाने उजळायचा. ब्रशने नवरीच्या चेहऱ्यावर हात फिरवला तर रेघ मागून येणार. एका फोटोवरून दुसऱ्यावर गेलं की "लोडिंग" लिहून येणार आणि आपण बघत बसणार. जुना आठव्या पिढीचा आय-फाइव्ह होता त्याच्यावर जेवढा वेळ लागायचा जवळपास तेवढाच, कधी कधी जास्तच. कस्टमर केअरचं म्हणणं एकच, फॅक्टरी रीसेट करा. रीसेट केल्यावर तेच सगळं जसंच्या तसं परत.

तर सगळ्यात आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या टॅबवर जा आणि तो बाजूला ठेवून दहा मिनिटं नेहमीसारखं एडिटिंग करा. माझ्याकडे दिसलं असं की प्रोसेसर चाळीस टक्क्यांच्या वर जात नव्हता, जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) झीरो म्हणजे मुख्य प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, ते तापून लाल, आणि जीपीयू वन म्हणजे ज्याच्यासाठी वीस हजार जास्त मोजले ते आरटीएक्स शून्य टक्क्यावर आरामात झोपलेलं. लाइटरूमच्या हेल्प मेनूत सिस्टिम इन्फो म्हणून आहे, तिथे कोणतं ग्राफिक्स कार्ड वापरात आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथेही तेच. असे दोन जीपीयूवाले लॅपटॉप बॅटरी वाचवायला कुठल्या प्रोग्रॅमला कुठला जीपीयू द्यायचा ते आपलं आपण ठरवतात, आणि तो निर्णय प्रत्येक वेळी आपल्या सोयीचा निघेलच असं नाही. विंडोजच्या सेटिंग्जमधे सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथे लाइटरूम निवडून हाय परफॉर्मन्स करून टाका. एनव्हीडियाचा ड्रायव्हर दोन प्रकारचा मिळतो, गेम रेडी आणि स्टुडिओ, आपल्याला स्टुडिओवाला. मग लाइटरूमच्या प्रेफरन्सेसमधे परफॉर्मन्सखाली ग्राफिक्स प्रोसेसर ऑटोवरून कस्टम करून डिस्प्ले, इमेज प्रोसेसिंग आणि एक्स्पोर्ट तिन्हीला टिक. एवढं करून लाइटरूम बंद करून परत उघडलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हो, नवीन लॅपटॉप घेतलाय.

एआय डिनॉइजमधे, म्हणजे फोटोतले दाणे काढण्यात, फरक सगळ्यात जास्त. एप्रिल 2023 मधे हे फीचर आलं आणि ते जवळपास पूर्ण जीपीयूच्या जिवावर चालतं. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या ट्यूबखाली 6400 आयएसओवर काढलेले फोटो असतात आमचे, त्यांना डिनॉइज लावलं की आधी एकेका फोटोला मिनिटंच्या मिनिटं जायची, आता सेकंदांत होतं. अडोबी स्वतः या कामाला आठ जीबी ग्राफिक्स मेमरी असावी म्हणतं, माझ्याकडे सहाच आहे, तरी 24 मेगापिक्सेलला अडलं नाही. 45-50 मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर मात्र चार पैसे जास्त टाकून आठवालं बघा.

पण स्लायडर सुधारला तरी मधेच अटकणं गेलं नव्हतं. दहा मिनिटं छान चालणार, मग दोन मिनिटं माकडचेष्टा. याच्यामागे दोन मंडळी होती. एक, लॅपटॉपसोबत फुकट आलेला ट्रायलवाला अँटीव्हायरस, जो विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असताना वर आणखी बसवलेला. दुसरं, क्लाउड बॅकअप. पिक्चर्स फोल्डर आपोआप क्लाउडवर चढवायचं पहिल्याच दिवशी चालू झालेलं असतं आणि लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची आणि एडिटिंगची नोंदवही) बाय डिफॉल्ट त्याच पिक्चर्स फोल्डरमधे बनतो. कॅटलॉगशेजारी प्रिव्ह्यूंचं एक एलआरडेटा नावाचं फोल्डर असतं, त्यात हजारो बारीक बारीक फाइली, आणि तुम्ही फोटोला हात लावला की त्यातल्या काही बदलतात. बदलल्या की क्लाउडवाला त्या चढवायला धावतो आणि अँटीव्हायरसवाला तपासायला. ट्रायलवाला काढून टाकला, कॅटलॉगसाठी सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर केलं जिथे क्लाउडचा संबंध नाही, आणि डिफेंडरमधे फक्त त्या एका फोल्डरला सूट दिली. फक्त त्या एकाच, हे परत सांगतो, कारण काही जण आख्खा ड्राइव्ह सोडून देतात आणि मग पार्टीने आणलेल्या पेनड्राइव्हमधून काय काय येतं ते मी बघितलंय. बॅकअप मी आता रात्री हाताने एक्स्टर्नल डिस्कवर घेतो.

लाइटरूमला स्वतःलाही मागच्या मागे बरीच कामं करायची सवय आहे. इम्पोर्ट झाल्यावर प्रिव्ह्यू बनवणं, चेहरे शोधणं, जीपीएसवरून पत्ता काढणं, सिंक. डावीकडे वर नाव दिसतं तिथे क्लिक केलं की ही सगळी यादी उघडते, जे नको ते थांबवता येतं. चेहरे शोधणं मी कायमचं बंद ठेवलंय, लग्नात चारशे माणसं, कोणाकोणाची ओळख ठेवणार. कॅटलॉग सेटिंग्जमधे फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलीत बदल आपोआप लिहायचा पर्याय आहे, तो चालू असेल तर प्रत्येक बदलाला फाइल लिहिली जाते, दोन हजार फोटोंना एकदम प्रीसेट मारलात की बघा मजा. कॅमेरा रॉ कॅशे (उघडलेल्या रॉचा तात्पुरता साठा) 5 जीबी असतो तो 30 केला, जागा असेल तर 20 च्या खाली ठेवूच नका.

आता स्मार्ट प्रिव्ह्यू. लांब बाजू 2560 पिक्सेलची छोटी प्रत, तीसुद्धा रॉसारखीच एडिट होणारी. परफॉर्मन्समधेच "ओरिजिनलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू वापरा" अशा अर्थाची टिक आहे. इम्पोर्ट रात्री लावून झोपायचं, सकाळी प्रिव्ह्यू तयार, आणि दिवसभर रंग, उजेड, क्रॉप हे सगळं त्या छोट्या प्रतीवर. एक्स्पोर्ट होताना मूळ फाइलच घेतली जाते, क्वालिटीला धक्का नाही. फक्त शार्पनिंग आणि नॉइज तपासायचं ते शंभर टक्के झूम करून, मूळ फाइलवर. हे एवढं एक फीचर माहीत नसल्यामुळे आमच्या लाइनमधली किती पोरं दरवर्षी लॅपटॉप बदलतात.

रॅमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि दुकानात कोणी सांगत नाही. टास्क मॅनेजरमधे मेमरीवर क्लिक केलं की खाली "स्लॉट्स यूज्ड" दिसतं. माझ्याकडे दोनपैकी एक. म्हणजे 16 जीबीची एकच पट्टी. पाटीवर 16 जीबी लिहिलेलं खरंच आहे, खोटं काही नाही, पण डीडीआर-फाइव्ह 4800 ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त 38.4 जीबी डेटा देऊ शकते आणि दोन लावल्या की दुप्पट, 76.8. पंगत शंभराची आणि वाढपी एकच असा प्रकार. त्यात जीपीयू झीरोला स्वतःची मेमरी नसते, तो याच रॅममधून घेतो. शिवाय लाइटरूम एकटंच माझ्याकडे नऊ-दहा जीबी खातं, वर ब्राउझर, वर व्हॉट्सॲप वेब कारण नवरदेवाच्या बहिणीला दर तासाला एक फोटो पाहिजे. आणखी एक 16 ची पट्टी टाकली, त्याच स्पीडची. डीडीआर-फोरची पट्टी या खाचेत बसतच नाही, तेव्हा घेताना नीट सांगून घ्या. मागचं झाकण उघडल्याने वॉरंटी जात नाही ना हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घेतलं, तोंडी बोलण्यावर विश्वास नको. पट्टी टाकल्यापासून एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना लोडिंग दिसतं पण वाचेपर्यंत गायब. माझ्या मते पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर यावर करा. आणि रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर लॅपटॉप घेतानाच 32 चा घ्या, नंतर काहीच करता येत नाही.

एवढं होईस्तोवर मार्च उजाडला, आणि मग आमच्याकडचा उन्हाळा. अकोल्यात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो हे सांगायची गरज नाही, आणि लॅपटॉपच्या कागदात बारीक अक्षरात वापरायचं तापमान साधारण 35 अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. प्रोसेसर शंभर अंशाला टेकला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. त्यामुळे जे मशीन मार्चात पळत होतं तेच एप्रिलच्या दुपारी परत रखडायला लागलं, आणि सेटिंग सगळी तीच. मागून दोन इंच उचललं, पंख्याच्या जाळीतली धूळ काढून घेतली, आणि मोठे एक्स्पोर्ट रात्री अकरानंतर. लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका भाऊ, ओली हवा आणि खसाचा भुगा दोन्ही आत जातं. प्रोसेसरची मर्यादा 99 टक्के करून टर्बो (गरजेला वाढणारा वेग) बंद करायची युक्ती पण सांगतात लोक, तापमान खरंच धाडकन उतरतं, पण 4.9 गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर 2.4 च्या आसपास येऊन बसतो, मग स्लायडर परत जड. रात्रभराच्या एक्स्पोर्टला चालेल, हाताने एडिटिंग करताना नको.

विजेचं पण तसंच. हा प्रोसेसर 45 वॉटचा, टर्बोत 115 पर्यंत जाणारा, आणि आरटीएक्स 4050 तर कंपनी ठरवेल तसं 35 वॉटपासून 115 वॉटपर्यंत काहीही असू शकतं. नाव तेच, कार्ड तेच, पण 45 वॉटवालं आणि 95 वॉटवालं यांच्या कामात दिसण्याइतका फरक. हा आकडा डब्यावर नसतो, वेबसाइटवर खोलात शोधावा लागतो, नाही सापडला तर विचारा, आणि तरी नाही सांगितला तर समजून जा. लाइट गेली आणि बॅटरीवर आलं की दोन्हींना मिळणारी वीज एकदम कमी होते, मग स्लायडर अडखळणारच, तो सॉफ्टवेअरचा दोष नाही. मी लॅपटॉपचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेऊन टाकला. आणि तो विटेएवढा जाड चार्जर नको म्हणून मोबाइलसारखा 65 वॉटचा टाइप-सी चार्जर बॅगेत ठेवतात ना, त्याने बॅटरी भरते, काम मात्र बॅटरीवर असल्यासारखंच चालतं. कंपनीच्या ॲपमधे सायलेंट, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स असे मोड असतात ते पण बघा, अपडेट आला की माझा आपोआप बॅलन्स्डवर जातो.

अजून काय जमलेलं नाही तेही सांगतो. एकाच फोटोत सात-आठ मास्क (ठरावीक भागापुरती एडिट) झाले की जड होतंच. चार-पाच तास सलग काम केलं की हळूहळू सुस्ती येते, लाइटरूम बंद करून उघडलं की परत ताजं, याचं कारण मला पटेल असं कोणी सांगितलेलं नाही. पंख्याचा आवाज एक्स्पोर्टला एवढा की शेजारच्या खोलीत पोरगा अभ्यास करत असेल तर दार लावावं लागतं. स्क्रीन मात्र चांगली, शंभर टक्के एसआरजीबी म्हणजे रंगांची नेहमीची रेंज पूर्ण, अल्बम छापून आल्यावर शालूचा रंग वेगळा निघाला अशी तक्रार यंदा आली नाही. स्वस्तातल्या मॉडेलला 45 टक्के एनटीएससी असं लिहिलेलं असतं, म्हणजे रंग कमी दाखवणारी, ती स्क्रीन फोटोच्या कामाला घेऊच नका, बाकी सगळं कितीही भारी असो.

रिसेप्शनला त्याच दिवशीचे फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवायची आता सगळ्यांना हौस असते. हॉलमधे प्लगजवळ जागा डीजेवाल्याने आधीच पकडलेली असते, त्यामुळे तिथे बॅटरीवर, स्मार्ट प्रिव्ह्यूवर, परफॉर्मन्स मोड बंद ठेवून शंभर-सव्वाशे फोटो करतो, तेवढ्यात जमतं. डिनॉइज आणि फुल साइजचा एक्स्पोर्ट घरी येऊन, चार्जर लावून.