न्यू जर्सीतलं बेसमेंट कोरडं ठेवताना: ड्रेन, सम्प पंप आणि बॅटरी, वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात आम्ही एडिसन गावातल्या आमच्या घरात बेसमेंटला आतून ड्रेन, नवा सम्प पंप (फरशीखालच्या खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर टाकणारा) आणि त्याच्या जोडीला बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवून घेतला. आता जुलै संपत आलाय. मधल्या काळात बर्फ वितळून गेला, मार्चमधला तीन-तीन दिवसांचा पाऊस झाला, उन्हाळ्यातल्या वादळी सरी झाल्या. फरशी कोरडी आहे. पण पैसे कुठे घालावेत याबद्दलचं माझं मत काम करून घेताना होतं, तसं आता राहिलेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचं घर सत्तरच्या दशकातलं, पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या भिंतींचं. खाली लाल शेल खडक आणि त्यावर चिकट माती, त्यामुळे पाणी लवकर मुरत नाही. ते भिंतीलगत साठतं आणि त्याच्या दाबाने भिंत आणि फरशीच्या सांध्यातून आत येतं. दरवर्षी भिंतीला लोणा धरायचा, रंगाचे पोपडे पडायचे. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळ या भागावरून गेलं तेव्हा नेवार्क विमानतळावर एका दिवसात ८.४१ इंच, म्हणजे दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. गणपती नऊ दिवसांवर आले होते आणि ओळखीच्या कितीतरी घरांत मखराचं सामान खालीच भिजलं. तेव्हापासून आकाश भरून आलं की इथल्या माणसांचं लक्ष आधी बेसमेंटकडे जातं.

वॉटरप्रूफ रंगाबद्दल एकच सांगते: आतून लावलेला रंग बाहेरच्या पाण्याचा दाब फार काळ धरत नाही. त्यावर पैसे घालू नका.

आतला ड्रेन म्हणजे काय, तर भिंतीलगत साधारण फूटभर रुंदीची फरशी फोडतात, खाली खडी आणि चार इंची भोकांचा पाइप घालतात, ब्लॉकच्या सगळ्यात खालच्या थराला भोकं पाडतात म्हणजे पोकळीत साठलेलं पाणी खाली उतरतं, आणि वरून पुन्हा काँक्रीट. पाणी भिंतीपर्यंत येतच राहतं, फक्त फरशीवर न येता खड्ड्याकडे जातं. काम सुरू असताना धुळीने वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघरही सुटलं नाही. खर्च पाच आकडी. बाहेरून खणून भिंतीला लेप द्यायचा तर याहून बराच जास्त सांगितला होता, शिवाय मागचा डेक काढावा लागला असता. माझ्या मते ब्लॉकच्या भिंती असतील तर आतला ड्रेनच योग्य.

मुख्य पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा, ओतीव लोखंडाचा, उभ्या फ्लोटचा. फ्लोट म्हणजे खड्ड्यात पाणी चढलं की वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा तरंगता स्विच. पंप निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका, दहा फूट उंचीवर तो ताशी किती गॅलन टाकतो ते बघा, कारण पाणी तेवढं वर चढवायचं असतं. तारेवर लोंबणारा फ्लोट अरुंद खड्ड्यात भिंतीला अडकू शकतो, म्हणून उभा घेतला. पहिला महिना पंप थांबताना पाइपमध्ये धाडकन आवाज यायचा. साधा चेक व्हॉल्व्ह (वर गेलेलं पाणी परत खड्ड्यात येऊ न देणारी झडप) काढून आवाज न करणारा बसवल्यावर गेला. खड्ड्याला घट्ट झाकण मात्र हवंच. आमच्याकडे जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सर्गी, तब्येतीला घातक वायू येतो आणि उघडा खड्डा म्हणजे त्याला सरळ वाट.

आता बॅटरी. मी सगळ्यात जास्त घासाघीस हिच्यावर केली होती, आणि आज कोणी विचारलं तर सगळ्यात आधी हीच घ्या म्हणेन. इथे जोराचा पाऊस येतो तो वाऱ्याबरोबर, झाडं तारांवर पडतात, आणि पंपाची खरी गरज असते तेव्हाच वीज जाते. मार्चमध्ये रात्री नेमकं हेच झालं. मुख्य पंप बंद पडला, अलार्म वाजला आणि दुसरा पंप चालू झाला. तो हळू उपसतो, पण पाणी झाकणापर्यंत आलं नाही. पहाटे वीज आली तोवर मी खालीच बसून होते. आमची एजीएम, म्हणजे बंदिस्त प्रकारची बॅटरी आहे, तिच्यात पाणी घालावं लागत नाही. साधी स्वस्त बॅटरी घेतलीत तर डिस्टिल्ड वॉटर बघत राहावं लागतं, आणि तीन ते पाच वर्षांत कोणतीही बदलावी लागेल असं धरून चाला.

थंडीत एक नवी गोष्ट कळली. बाहेर पाणी टाकणाऱ्या पाइपचं तोंड गोठलं की पंप नुसता घुमतो. घराबाहेर पडताच जाळीचा जोड बसवला, म्हणजे पुढे बर्फ असला तरी पाणी तिथून निघतं. हा जोड कंत्राटदाराने आपणहून सुचवायला हवा होता. काम देण्याआधी विचारून घ्या.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय पन्हळींचा. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सहाशे गॅलनच्या वर पाणी होतं, आणि आमच्याकडे ते थेट पायाशी पडत होतं. एप्रिलमध्ये डाउनस्पाउटना, म्हणजे पन्हळींतून खाली येणाऱ्या पाइपांना, लांब नळ्या जोडून पाणी दहा फूट दूर सोडलं, भिंतीलगत माती टाकून उतार बाहेरच्या बाजूला केला. त्यानंतर तेवढ्याच पावसात पंप पूर्वीपेक्षा स्पष्टपणे कमी वेळा सुरू होतो. हे आधी केलं असतं तर काय झालं असतं, असं विचारतात. ड्रेन तरीही लागला असता, कारण वसंतात जमिनीतलं पाणीच वर येतं.

दर दोन-तीन महिन्यांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून दोन्ही पंप तपासते. तळाशी लाल गाळ बसतो, तो काढावा लागतो. डीह्युमिडिफायर चालूच असतो, कारण जुलैतला दमटपणा पंपाने जात नाही. आई-बाबा जूनपासून खालच्या खोलीत राहताहेत आणि आईला येताच जाणवणारा कुबट वास या वर्षी नाही.

विम्याचं बघून ठेवा. नेहमीच्या घराच्या विम्यात जमिनीतून झिरपणारं पाणी धरत नाहीत. सम्प भरून वाहिला तर त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. सरकारी पूरविमा घेतल्यावर सहसा तीस दिवसांनी लागू होतो, आणि त्यातही बेसमेंटमधला पंप, फर्नेस, वॉटर हीटर येतात, गालिचा आणि सामान येत नाही. वादळांचा जोर ऑगस्ट-सप्टेंबरात असतो, तेव्हा एजंटला फोन या आठवड्यातच करा.