नेपाळची मिशन ट्रिप की मेळघाटातली सेवा?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, परीक्षा संपल्या की आमच्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) तरुण संघात हा विषय हमखास निघतो. कुणीतरी आठ-दहा दिवसांच्या मिशन ट्रिपची, म्हणजे दुसऱ्या देशातल्या मंडळीत जाऊन सेवा करण्याच्या सहलीची, माहिती आणतं. बहुधा नेपाळ, क्वचित केनिया. जावं, की तेच दिवस आणि तोच पैसा इथेच, मेळघाटाच्या बाजूला अचलपूर-धारणीकडे लावावा?

केनियाचं आधी उरकतो. पासपोर्ट, विमानाचं भाडं, २०२४ पासून व्हिसाऐवजी आलेली ऑनलाइन परवानगी, शिवाय पिवळ्या तापाची लस, तीही निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. लसीचं प्रमाणपत्र जवळ नसेल तर भारतात परतल्यावर अलग ठेवतात. पहिल्यांदाच निघणाऱ्यानं, त्यातही उसने पैसे घेऊन, या वाटेला जाऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

नेपाळ त्या मानानं हाताशी आहे. नागपूरहून रेल्वेनं गोरखपूर, पुढे सोनौलीचा नाका. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डाच्या भरवशावर मात्र निघू नका, तरुण माणसाला ते तिथे पुरत नाही. पाट्या देवनागरीत, हिंदी बऱ्याच जणांना कळते. उपासना शनिवारी असते, कारण सुट्टीचा वार तिथे पूर्वापार तोच.

पण खरा विचार कायद्याचा करायला हवा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानानं दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी घातली आहे. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. तुम्ही बाजारात सुवार्तेच्या पत्रिका वाटून रविवारपर्यंत यवतमाळला पोचाल. चौकशीला बोलावणं येईल ते तिथल्या पाळकांना (पास्टरांना), आणि संशयाची नजर राहील ती त्या मंडळीवर. आपल्या उत्साहाची किंमत दुसऱ्याच्या लेकराबाळांनी मोजावी, हे सुवार्तेच्या कामात बसत नाही. म्हणून ट्रिप ठरवणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: तिथल्या मंडळीनं बोलावलं आहे का, आणि कोणत्या कामासाठी? त्यांचं पत्र दाखवता येत नसेल तर नाव देऊ नका.

पत्रात काम स्पष्ट असेल आणि ते तुमच्या हातचं असेल, तर जरूर जा. वायरिंग येणारा, हिशेब संगणकावर बसवून देणारा, तबला-पेटी शिकवणारा माणूस आठवड्यातही उपयोगी पडतो. नर्स-डॉक्टरांनी मात्र रुग्णाला हात लावण्याआधी तिथल्या नर्सिंग किंवा मेडिकल कौन्सिलची परवानगी काढायलाच हवी. भिंती रंगवायला सीमा ओलांडू नये. ते काम करणारे मजूर त्या गावात आहेत आणि त्यांना रोजी हवी आहे.

आता आपल्याकडचं. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं जुनं रुग्णालय आहे. कुष्ठरोग औषधांनी सहा ते बारा महिन्यांत बरा होतो, पण पायाची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. चपलेत खडा गेला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी हलक्या हातानं घासायची, ओल्या पायावरच तेल लावायचं, बोटांच्या मधे चीर पडली का ते पाहायचं. अशा माणसासमोर बसून त्याचा पाय मांडीवर घेणं, ही सेवा शिकायला विमान लागत नाही. मात्र परस्पर जाऊन उभं राहू नका. आधी विचारा, ते सांगतील तेच काम करा.

मेळघाट जवळ आहे म्हणून सोपा आहे, असंही नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी माणसाला नेपाळी जेवढी उमगते तेवढीही ती उमगत नाही. आणि तिथे हात लागतात ते भर पावसात, जेव्हा रस्ते तुटतात, लेकरं आजारी पडतात आणि आपली घरं पेरणी-डवरणीत गुंतलेली असतात. एप्रिलमध्ये गिटार घेऊन चार दिवस जाऊन आल्यानं ही अडचण सुटत नाही. पण नेपाळला न जमणारी एक गोष्ट इथे जमते: पुन्हा जाता येतं. त्याच गावात, त्याच घरी, दर दोन महिन्यांनी, एसटीच्या भाड्यात.

म्हणून माझा कौल असा. हातात कसब नाही, वय विशीच्या आत आहे, पैसे मंडळीच्या दानातून यायचे आहेत, तर वर्षभर कोठारा किंवा मेळघाट धरा. कसब आहे, बोलावणं आहे, खर्च स्वतःचा आहे, तर नेपाळला जा, आणि पुढच्या वर्षी त्याच मंडळीकडे जाण्याची तयारी ठेवूनच जा. मतदार ओळखपत्रावरचं नाव-वय नीट आहे का ते आजच बघा. दुरुस्तीला वेळ लागतो.