हायडेनाऊ के६६ स्नोटेक्स: स्कूटरच्या हिवाळी टायरचं परीक्षण

जर्मनीत बनणाऱ्या या टायरचा फायदा बर्फ पडण्याआधीच सुरू होतो. पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि ओल्या डांबरावरची पकड सुटते. स्नोटेक्सच्या मिश्रणात सिलिका जास्त असल्याने हे रबर थंडीतही मऊ राहतं. हिवाळाभर स्कूटर चालवणाऱ्यांचे बहुतेक किलोमीटर अशाच थंड, ओल्या रस्त्यावर जातात. फक्त एवढ्यासाठीसुद्धा हा टायर घ्यावा.

ताज्या बर्फात खाचांचं काम सुरू होतं. खाचांत दाबला गेलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो आणि चाक फिरताना बाहेर फेकला जातो. खाचांची खोली ४ मिलिमीटरच्या खाली उतरली की त्या भरलेल्याच राहतात आणि टायर गुळगुळीत असल्यासारखा चालतो. कायद्याची किमान मर्यादा यापेक्षा कमी असली, तरी बर्फासाठी त्याचं आयुष्य इथेच संपलं असं समजा.

आता मर्यादा. सुक्या डांबरावर घर्षणांक (पकड किती ते सांगणारा आकडा) ०.८ च्या आसपास, दाबून कडक झालेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, आणि चकचकीत गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहून कमी. त्या थरावर खिळे नसलेला कुठलाच टायर टिकत नाही, हाही नाही. खिळ्यांच्या टायरला जर्मनीसह अनेक देशांत सार्वजनिक रस्त्यावर बंदी आहे. आणि उणे १५ पेक्षा शून्याच्या आसपासची सकाळ जास्त घातक, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो.

टायर दोन्ही चाकांना बसवा. ताकद मागच्या चाकाला जाते म्हणून पुष्कळजण फक्त मागचा बदलतात. ही काटकसर अंगाशी येते: मागचं चाक थोडं सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की स्कूटर बहुधा आडवीच होते. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा आणि व्हॉल्व्ह नवा टाका. पहिले १०० ते १५० किलोमीटर जपून चालवा, कारण नव्या टायरचा वरचा थर निसरडा असतो.

हवेत हमखास चूक होते. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बार, म्हणजे दीड पीएसआय कमी होतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये बरोबर भरलेली हवा बाहेर उणे १० मध्ये चार-साडेचार पीएसआय कमी भरते. म्हणून गाडी बाहेर गार झाल्यावरच मोजा. बर्फासाठी मुद्दाम हवा कमी करण्याचा सल्ला स्कूटरच्या छोट्या चाकांना लागू करू नका. बर्फाखाली झाकलेल्या खड्ड्यात रिम वाकते.

टायर चांगला असला तरी ऑटोमॅटिक स्कूटरचा स्वभाव बदलत नाही. सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की आपोआप चाकाला जोडणारा) झटक्याने धरतो, त्यामुळे निघताना अ‍ॅक्सिलरेटर अगदी हळू पिळा. उतारावर तो एकदम सोडला तर इंजिन मागच्या चाकाला ओढून धरतं आणि चाक घसरतं. किंचित उघडा ठेवा. कंबाइंड ब्रेक असलेल्या गाड्यांत डावा लिव्हर दाबला की पुढचं चाकही ब्रेक घेतं, हे वळणाआधीच लक्षात घेऊन वेग कमी करा. चालण्याच्या वेगात एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) काम करत नाही, तेव्हा थांब्याजवळ त्याच्या भरवशावर राहू नका.

या टायरची उणी बाजू उन्हाळ्यात दिसते. मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजतं आणि वळणावर गाडी थोडी डगमगते. वर्षभर एकच जोड वापरायचा असेल तर दुसरा टायर बघा. सकाळचं तापमान सलग १० अंशांच्या वर राहू लागलं की हा उतरवा, त्यावरचं रस्त्याचं मीठ धुवून टाका, आणि कुठला पुढचा, कुठला मागचा हे खडूने लिहून अंधाऱ्या, गार जागी ठेवा. जवळ चालती विजेची मोटर नको. तिच्या ठिणग्यांतून तयार होणाऱ्या ओझोनने रबराला चिरा पडतात.